जुन्या थंडरबर्डला नवी सीट बसत नाही? आधी सीट उलटी करा

पावसाळा ओसरला की हा प्रश्न हमखास येतो. गाडी रॉयल एनफील्डची जुनी थंडरबर्ड, चार महिने पाणी पिऊन सीट सडलेली, शिलाई उसवलेली, बसलं की पँट ओली. मग सीट ऑनलाइन मागवली जाते. खोक्यावर 'थंडरबर्डसाठी' असं ठळक छापलेलं असतं, आणि सीट काही केल्या बसत नाही.

आता 'बसत नाही' म्हणजे काय? कुणाची सीट पुढून टाकीवर चढते. कुणाची मागून दोन बोटं उचललेली राहते. कुणाचे बोल्ट भोकासमोर येत नाहीत. कुणाची बसते, पण वळणावर खालून डुलते. आणि कुणाची तर झकास बसते, फक्त पुण्याहून निघालेला माणूस साताऱ्यापर्यंत फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवायला लागतो. ही पाचही दुखणी वेगळी आहेत. विक्रेत्याला फोन करून नुसतं 'बसत नाही' म्हटलं तर तो 'जरा दाबून बसवा साहेब' एवढंच सांगणार.

सीट घेताना सगळे वरची बाजू बघतात: चौकटीची शिलाई, तपकिरी रंग, फोमची जाडी. गाडीला यातलं काहीच कळत नाही. गाडीशी सीटचा संबंध येतो तो खालच्या बेसपुरता, मग तो पत्र्याचा असो, फायबरचा असो की प्लास्टिकचा. वरचं सगळं कुठलाही बरा सीटवाला बदलून देतो. बेस मात्र कुणी सहजासहजी बनवून देत नाही. त्यामुळे जुळणारी सीट शोधायची म्हणजे जुळणारा बेस शोधायचा. तुमच्या जुन्या सीटचा बेस शाबूत असेल तर तुम्हाला नवी सीट लागतच नाही, यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

तुमची थंडरबर्ड कुठली?

नाव एक असलं तरी गाड्या निदान चार आहेत. २००२ साली आली ती ३५० सीसीच्या एव्हीएल लीन-बर्न, म्हणजे कमी पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनाची. नंतर युसीई इंजिनाची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) ट्विनस्पार्क, म्हणजे दोन स्पार्क प्लगची थंडरबर्ड आली, तिला सगळे टीबीटीएस म्हणतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये थंडरबर्ड ५०० आली आणि तिच्याबरोबर ३५० चंही रूप पालटलं: २० लिटरची टाकी, प्रोजेक्टर हेडलाइट, मागे एलईडी आणि दोन तुकड्यांची सीट, त्यातली मागची वेगळी काढता येणारी. फेब्रुवारी २०१८ मध्ये ३५०एक्स आणि ५००एक्स आल्या, त्यांना पुन्हा एकसंध सीट मिळाली. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला, थंडरबर्ड हे नाव बंद झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्या जागी मीटिओर ३५० बाजारात आली.

गोंधळ सगळ्यात जास्त २०१२ च्या सांध्यावर होतो. त्या वर्षी टाकी बदलली, मागचा भाग बदलला, साइड पॅनल बदलली. म्हणजे सीट ज्या ज्या गोष्टींना टेकते त्या सगळ्याच बदलल्या. दुकानदार विचारतो, 'कितीची गाडी?' मालक आरसी बुकावरची नोंदणीची तारीख सांगतो. २०१२ च्या शेवटी किंवा २०१३ च्या सुरुवातीला पासिंग झालेली गाडी जुन्या साच्याचीही असू शकते, कारण शोरूममध्ये आधीचा साठा पडून असतो. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष वेगळा लिहिलेला असतो, तो बघा. त्याहून सोपं म्हणजे टाकी आणि हेडलाइट बघा. अधिकृत पार्ट काउंटरवर गेलात तर मॉडेलचं नाव न सांगता चेसी नंबर द्या आणि त्यावरून पार्ट नंबर काढायला सांगा. जुन्या सीटच्या पोटावर स्टिकर शिल्लक असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

एक्सची एकसंध सीट २०१२ नंतरच्या साध्या थंडरबर्डवर चढवायची हौस पुष्कळांना असते. दिसते छान, हे खरं. पण 'बसते की, माझ्या मित्राने बसवली' असं सांगणारा माणूस मित्राने कुठला ब्रॅकेट कापला आणि कुठे वॉशर घातले ते सांगत नाही. मापं जुळली तर घ्या, नाहीतर सोडा. मीटिओरच्या सीटचा मात्र विचारही करू नका. थंडरबर्डची फ्रेम पुढे एकच नळी असलेली, तिच्यात इंजिन हाच सांगाड्याचा भाग. मीटिओरची फ्रेम मुळातून नवी, दोन नळ्यांची. एनफील्डच्याच क्लासिकचंही तेच: २०२१ च्या सप्टेंबरात आलेली नवी क्लासिक आणि त्याआधीची क्लासिक यांच्यात नावाखेरीज फारसं काही सामाईक नाही. तेव्हा 'बुलेट, क्लासिक, थंडरबर्ड, तिन्हीला चालेल' असं लिहिलेली सीट दिसली तर ती तिन्हीपैकी एकीलाही धड बसणार नाही असं धरून चाला.

बेस कसा वाचायचा

जुनी सीट काढा, ओल्या फडक्याने पोट पुसा आणि जुन्या चादरीवर उलटी ठेवा. पुढच्या टोकाला एक चपटा हूक किंवा पट्टी दिसेल, तिला जीभ म्हणतात. ती फ्रेमच्या आडव्या नळीखाली किंवा टाकीमागच्या कप्प्यात शिरते आणि सीटचं नाक खाली धरून ठेवते. मध्ये आणि मागे काळी रबरं असतात, वजन त्यांच्यावर येतं. अगदी मागे किंवा बाजूंना बोल्टची भोकं किंवा लॉकचा लोखंडी कडीसारखा भाग असतो. त्याचं काम सीट उडू न देण्याचं. वजन पेलणं हे त्याचं काम नव्हे. हा फरक लक्षात राहिला की निम्मी लक्षणं आपोआप उलगडतात.

मापं मिलिमीटरमध्ये घ्या आणि स्टीलच्या पट्टीने घ्या, कापडी टेप ताणली जाते. जिभेच्या टोकापासून मागच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर हे पहिलं माप. मग मागच्या दोन बोल्टांमधलं अंतर. मग जिभेची रुंदी, जाडी आणि बेसच्या तळापासून ती किती वर किंवा खाली आहे ते. मग प्रत्येक रबराची जागा, लांबीत आणि रुंदीत, आणि रबराची उंची. शेवटी बेसची कड फ्रेमच्या बाहेर किती खाली उतरते ते, कारण तीच साइड पॅनलला घासते.

या सगळ्यात जिभेची उंची फार महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही. बोल्टच्या भोकात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर कानशीने भोक लांबट करता येतं, काही बिघडत नाही. जिभेचं तसं नाही. समजा जीभ पुढच्या रबरापासून १०० मिमी पुढे आहे आणि मागचा बोल्ट त्याच रबरापासून ४०० मिमी मागे आहे. जीभ २ मिमी चुकली तर सीट त्या रबरावर तोलली जाते आणि मागचं टोक ८ मिमी वर राहतं. 'मागून उचललेली राहते' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा मागे नसतंच, ते पुढे असतं. मेकॅनिक मात्र मागून बोल्ट आवळत बसतो. बोल्ट आवळला की सीट खाली बसल्यासारखी दिसते, पण तेव्हापासून बेस कायम वाकलेला राहतो आणि काही महिन्यांत जिभेच्या मुळाशी तडकतो.

विक्रेत्याला याच मापांवरून प्रश्न विचारा. सीटच्या उलट्या बाजूचा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. वरच्या बाजूचे बारा फोटो पाठवून खालचा एक पाठवायला टाळाटाळ करत असेल तर तिथून घेऊ नका.

मापं घेताना फ्रेमचीही घ्या. जुन्या टूरिंगच्या गाडीने मागे कॅरियर, दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, कधी डबल सीट आणि वर सामान, असं वर्षानुवर्षं ओढलेलं असतं. एखादी पडझडही झालेली असते. मागच्या भागात सीट टेकते त्या चार जागांची कर्णाची अंतरं मोजा, डावी पुढची ते उजवी मागची आणि उलट. दोन्हीत चार-पाच मिलिमीटरहून जास्त फरक आला तर फ्रेमच तिरकी झाली आहे. मग जगातली कुठलीही सीट सरळ बसणार नाही.

लक्षणावरून कारण

सीट बसली, बोल्ट लागले, तरी डावी-उजवी डुलते. इथे पहिला संशय रबरांवर घ्या. नव्या सीटबरोबर रबरं येतच नाहीत, किंवा आली तर ठोकळेबाज येतात. जुनी रबरं काढून लावावीत तर ती दहा वर्षांत दगडासारखी कडक आणि चपटी झालेली असतात. चारही रबरं नवी घ्या, सगळी एका उंचीची आहेत ना ते सपाट फरशीवर ठेवून बघा. सीट ठेवून बोल्ट न लावता चारही कोपरे हाताने दाबा. एखादा कोपरा खाली जात असेल तर त्या रबराखाली वॉशर घालता येतो, पण तीन मिलिमीटरच्या वर जायला लागलं तर बेस चुकीचा आहे असं समजा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून भरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. एखाद्या ट्रिपपुरतं ठीक, पण ते सरकतात.

खड्ड्यात 'खट्ट' असा आवाज येतो. सीट बोल्टवर टेकली आहे, रबरावर नाही. बोल्टच्या भोकात आतून कडक बुश, म्हणजे छोटी नळी असते, ती नसेल तर बोल्ट आवळताना बेसचं प्लास्टिक चिरडतं. आवाज मधोमधून येत असेल आणि तुम्ही बसल्यावरच येत असेल तर तळ बॅटरीला किंवा टूलकिटच्या डब्याला आपटतोय, आणि त्याकडे दुर्लक्ष करू नका. त्यावर स्वतंत्र लिहितो.

नाक टाकीवर चढतं आणि रंग घासला जातो. बेस लांब आहे, किंवा टाकी तिच्या जागी नाही. टाकीचं मागचं रबर दबलं की टाकी मागे-खाली येते, आणि आधीपासून बरोबर असलेली सीटही घासायला लागते. टाकीचा मागचा बोल्ट आणि त्याचं रबर आधी बघा, खर्च नगण्य आहे. टाकी जागेवर असूनही पाच-सात मिलिमीटर घासत असेल तर बहुधा नाकाशी रेक्झिनच्या घड्या जास्त जाड झाल्या आहेत. सीटवाला तेवढा भाग उसवून फोम छाटून देतो.

लॉक लागत नाही, किंवा लागलेलं लॉक वाटेत सुटतं. गाडीवर सॅडलबॅग असतील तर त्यांचा पट्टा मागच्या सीटखालून गेलाय का ते आधी बघा. दोन थर नायलॉनचा पट्टा म्हणजे चार-पाच मिलिमीटर, तेवढ्याने कडी खटक्यापर्यंत पोचत नाही. लोक सीट परत पाठवतात आणि पट्टा तिथेच राहतो. पट्टा लॉकच्या रेषेतून बाजूला सरकवा. तसं काही नसेल तर कडी किती खोल जाते ते बघा: खटक्याला थोडं ग्रीस फासा, सीट दाबा, उचला, कडीवर ग्रीसचा डाग कुठवर आला ते दिसेल. बऱ्याच कड्या दोन नटांवर वर-खाली करता येतात.

सीट पावसानंतर आठवडाभर ओली राहते. इथे दोष वरच्या शिलाईचा आहे. चौकटीची नक्षीदार शिलाई म्हणजे बसण्याच्या जागेवर शेकडो भोकं. त्यातून पाणी आत जातं, बेसच्या खोलगट भागात साचतं आणि बसलं की वर येतं. ताम्हिणी, आंबोली, माळशेज या वाटांनी पावसात जाणाऱ्याने नक्षीचा मोह सोडावा. बसण्याच्या जागी एकसंध रेक्झिन, शिलाई फक्त बाजूला, आणि फोम व रेक्झिन यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकचा कागद. बेसच्या सर्वांत खोल जागी पाणी निघायला भोकं आहेत का, आणि ती कापडाने बुजली नाहीत ना, हेही बघा.

कणकेचा गोळा आणि बॅटरी

सीटखाली काय आपटतंय हे डोळ्यांनी दिसत नाही, कारण सीट ठेवली की सगळं झाकलं जातं. घरात कणीक असते. लिंबाएवढे गोळे करून बॅटरीच्या टर्मिनलवर, फ्यूज बॉक्सवर, ५०० असेल तर फ्युएल इंजेक्शनच्या वायरिंगच्या जोडावर ठेवा. वर प्लास्टिकचा कागद टाका. सीट ठेवा, बोल्ट हाताने लावा, आणि दोघं जण बसून जरा उसळा. मग सीट हळूच काढून गोळे किती चेपले ते बघा. गोळ्याची जाडी बोटभर उरली तर निश्चिंत राहा. कागदाएवढी उरली तर खड्ड्यात तळ टेकणार.

प्लास्टिकचा बेस बॅटरीला टेकला तर आवाज येईल, कालांतराने तडा जाईल. पत्र्याचा बेस पॉझिटिव्ह टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात, वायर जळते, आणि वर फोम असल्यामुळे आग धरायला वेळ लागत नाही. बाजारातल्या स्वस्त सीटचे बेस पुष्कळदा पत्र्याचेच असतात. टर्मिनलवर रबरी टोपी असलीच पाहिजे. ती हरवली असेल तर सीट बसवण्याआधी आणा. बदललेली बॅटरी मूळ बॅटरीपेक्षा उंच नाही ना, हेही याच वेळी तपासा. सीट बरोबर आणि बॅटरी चुकीची, असाही प्रकार असतो.

जुना बेस सोन्याचा

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, दिल्लीत करोलबागेत जुनी-नवी सीट मिळते. जुनी सीट घेताना फाटकं रेक्झिन, दबलेला फोम याकडे बघूच नका, उलट त्या नावाने भाव पाडून घ्या. बघायचं ते पोट. जिभेच्या मुळाशी आणि बोल्टच्या भोकांभोवती नखाने खरवडून केसासारखी भेग आहे का ते बघा. दोन्ही टोकं धरून बेस किंचित पिळा. भेग असेल तर ती तोंड उघडते आणि बारीक कुरकुर ऐकू येते.

तुमच्याच गाडीचा मूळ बेस तडकला असेल तर टाकून देण्याआधी तो कशाचा आहे ते बघा. प्लास्टिकच्या पोटावर कुठेतरी पीपी किंवा एबीएस अशी खूण उठवलेली असते. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, घरगुती कुठल्याच चिकटवणीला दाद देत नाही. एपॉक्सी लावाल, वाळेल, आणि पहिल्या खड्ड्यात सालपटासारखं निघून येईल. त्याला गरम हवेच्या गनने त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्ड करावं लागतं. गाड्यांचे बंपर दुरुस्त करणारे हे काम रोज करतात, सीटवाल्यापेक्षा तेच बरे. एबीएसला चिकटवणी धरते. फायबरचा बेस असेल तर काचतंतूची जाळी आणि रेझिन लावून मूळपेक्षा दणकट होतो. पत्र्याचा असेल तर गंज खरवडून वेल्डिंग करता येतं, पण आधी फोम पूर्ण उतरवा. फोमने पेट घेतला तर जो धूर होतो तो विषारी असतो, आणि 'बाजूला सरकवून मारतो वेल्डिंग' म्हणणारे कमी नाहीत.

बेस शाबूत किंवा दुरुस्त झाला की उरतं ते फोमचं काम, आणि ते तुमच्या अंगाला बेतून घेता येतं. तयार सीटमध्ये ही सोय नाही, ती सरासरी माणसासाठी केलेली असते.

फोमबद्दल एक समज फार घट्ट बसला आहे: मऊ म्हणजे आरामशीर. दुकानात दोन मिनिटं बसून बघायला मऊ फोम छानच वाटतो. तासाभरात तो चेपून बेसला टेकतो, मग सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं आणि मुंग्या सुरू होतात. लांबच्या पल्ल्याला खाली कडक आणि वर मऊ असे थर लागतात. खालच्या थराला रीबॉन्डेड, म्हणजे रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला फोम वापरतात. त्याची घनता साधारण ८० ते १०० किलो प्रति घनमीटर असते. त्यावर ४० ते ५० घनतेचा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, दोन-अडीच सेंटिमीटर. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनतेवरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणा हाताने दाबून आणि बसूनच ठरवावा लागतो. मेमरी फोम थंडीत कडक होतो आणि उन्हात लोण्यासारखा. जेल पॅड उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर चटका देतं. मराठवाड्यात, विदर्भात एप्रिलमध्ये फिरणार असाल तर त्यावर पैसे घालू नका.

फोमपेक्षाही आकाराने जास्त फरक पडतो. बसण्याची जागा पुढे उतरती असेल तर ब्रेक मारला की माणूस टाकीवर सरकतो, मग हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, आणि मनगटं आणि पाठ दुखली की दोष सीटच्या मऊपणाला देतो. गाडी मधल्या स्टँडवर न लावता दोन चाकांवर सरळ धरा, तुम्ही बसा, आणि दुसऱ्याला बाजूने फोटो काढायला सांगा. उतार लगेच दिसतो. बैठकीच्या हाडांची जागा काढायची तर पुठ्ठ्याच्या खोक्याचा नालीदार तुकडा कठीण बाकावर ठेवून त्यावर दोन-तीन मिनिटं बसा. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजून सीटवाल्याला द्या, बसण्याची जागा त्याहून दोन्ही बाजूंना ऐसपैस हवी. उंची वाढवताना पायांचा विचार करा. दोन सेंटिमीटर फोम वाढला की पाय तेवढेच वर जातात, शिवाय रुंद सीट मांड्या फाकवते म्हणून पाय आणखी कमी पोचतात. भरलेली गाडी ट्रॅफिकमध्ये चवड्यांवर सांभाळणं म्हणजे पडायला निमंत्रण. उंची न वाढवता नाकाकडची रुंदी कमी करून घेता येते.

सीटवाल्याकडे सीट टाकून घरी येऊ नका. फोम कापून झाला, रेक्झिन चढायचं आहे, त्या टप्प्यावर गाडी घेऊन जा, उघड्या फोमवर बसा, वीस-तीस किलोमीटर फिरून या, मग छाटायला किंवा भरायला सांगा. एकदा रेक्झिन पिनांनी ठोकलं की कुणी उघडायला तयार होत नाही. पिनांचंही सांगून ठेवा: प्लास्टिकच्या बेसला ६ मिलिमीटरच्या आसपासच्या, आणि मिळाल्या तर स्टेनलेस. लांब पिना आरपार जातात, साध्या पिना दोन पावसाळ्यांत गंजून रेक्झिन सोडतात.

मागच्याचा विचार

सीट बदलताना मागच्या माणसाची धरायची मूठ, ग्रॅब रेल किंवा पट्टा, आड येतो म्हणून काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३ व्या नियमानुसार मागे बसण्याची सोय असलेल्या मोटरसायकलला कायम बसवलेली मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं संरक्षण असावं लागतं. चाकाचं ते संरक्षण साडी, ओढणी अडकू नये म्हणून. नव्या सीटला ग्रॅब रेलचे बोल्ट पोचत नसतील तर लांब बोल्ट घ्या, रेल काढू नका. आणि एकसंध सीटखाली बॅकरेस्टचा ब्रॅकेट अडकत असेल तर सीटचा बेस कापायच्या आधी ब्रॅकेट वाकवून किंवा खाली घेऊन बघा. तो पुन्हा मिळतो.

ज्यांची गाडी परदेशात आहे

अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्या आणि स्वस्तात होंडाची जुनी गोल्डविंग हाती लागलेल्या मराठी मंडळींचाही हाच प्रश्न असतो. गोल्डविंगच्या पिढ्या वर्षांवरून सरळ ओळखता येतात: जीएल१००० १९७५ पासून, ११०० १९८० पासून, १२०० १९८४ पासून, १५०० १९८८ ते २०००, आणि १८०० २००१ पासून. एकीची सीट दुसरीला चालत नाही. तिकडे कॉर्बिन, मस्टँग, सार्जंट यांसारखे सीट बनवणारे मॉडेल आणि वर्षांची यादी देतात, त्यामुळे शोध सोपा आहे. रसेलसारखे काही कारागीर तर तुमची मूळ सीट मागवून घेतात आणि तिच्याच बेसवर नवी बांधून पाठवतात. म्हणून तिकडेही जुनी गाडी घेताना फाटक्या सीटवरून घासाघीस करा, पण ती फाटकी सीट विक्रेत्याकडे सोडून येऊ नका.

बसवल्यानंतर

पहिले शे-दोनशे किलोमीटर जवळपासच काढा, आणि मग सीट उतरवून पोट बघा. रबरांच्या जागी फ्रेमवर सारखे काळे ठसे उमटलेले असले तर वजन नीट वाटलं जातंय. एका बाजूला ठसा आणि दुसऱ्या बाजूला धूळ तशीच असेल तर ते रबर अधांतरी आहे. रंग खरवडलेला दिसला तिथे बेसची कड लागते आहे, कानशीने गोल करा आणि फ्रेमला रबरी पट्टी लावा. वायरिंगच्या नळीवर चमकदार रेघ दिसली तर वायर दबते आहे. ती बाजूला बांधून घ्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात टेललाइट का लागत नाही याचा शोध सुरू होईल. बोल्ट पुन्हा आवळा, पण बुशला टेकेपर्यंतच.